‘आम्ही’ आणि ‘आपण’ : मराठी मुद्रणसंस्कृती आणि समाजाच्या एकत्वाचा प्रश्न

१

छापील शब्द समाजाला जोडतो, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की त्याची छाननी करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. बेनेडिक्ट अँडरसन यांच्या ‘इमॅजिन्ड कम्युनिटीज’ (१९८३) या ग्रंथाने या विधानाला सैद्धांतिक बैठक मिळवून दिली. एकमेकांना कधीही न भेटणारी माणसे एकाच भाषेतील एकच मजकूर एकाच दिवशी वाचतात. हाच मजकूर आपल्यासारखे असंख्य अनोळखी लोक वाचत असतील, याची त्यांना जाणीव असते. आणि या जाणिवेतून राष्ट्र नावाचा कल्पित समुदाय आकाराला येतो, असे अँडरसन यांचे थोडक्यात प्रतिपादन आहे. मुद्रण आणि भांडवलव्यवहार यांच्या संयोगाने बोलींच्या वरचढ आणि अभिजात भाषेच्या खालची अशी एक समान छापील भाषा निर्माण होते व ती या समुदायाची भूमी ठरते, हा त्याच प्रतिपादनाचा दुसरा भाग.

एकोणिसाव्या शतकातील मराठी वृत्तपत्रांचा इतिहास लिहिताना हा सिद्धांत जसाच्या तसा लावण्याचा मोह होतो. १८३२ चे ‘दर्पण’, १८४१ चे ‘प्रभाकर’, १८४९ चे ‘ज्ञानप्रकाश’, १८८१ चा ‘केसरी’ आणि अखेरीस १९६० चे महाराष्ट्र राज्य अशी एक सरळ चढती रेषा काढता येते. ही रेषा खोटी नाही. पण ती अपुरी आहे. एकच मजकूर वाचणे आणि एका समाजाचे घटक असणे यांत जे अंतर आहे, ते या रेषेत दिसत नाही.

हे अंतर दाखविणारे एक साधन मराठी भाषेच्या व्याकरणातच आहे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाला दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हणणारा ऐकणाऱ्याला वगळून बोलतो. ‘आपण’ म्हणणारा त्याला सामावून घेतो. अँडरसन यांनी ज्या समुदायाची कल्पना मांडली, तो मराठीत यापैकी कोणत्या सर्वनामाने स्वतःचा उल्लेख करतो, हा प्रश्न विचारला की मुद्रणाच्या एकीकरणशक्तीसंबंधीची चर्चा वेगळ्या पातळीवर जाते. संपादकीयातील रूढ सर्वनाम ‘आम्ही’ हे आहे. ते अधिकाराचे आहे, जबाबदारीचेही आहे. परंतु ते वाचकाला पलीकडच्या तीरावर उभे करते. या तीरावरून त्या तीरावर जाण्याची वाट मराठी मुद्रणाने कितपत उघडली आणि कोणासाठी उघडली, हा येथील विचाराचा विषय आहे.

२

मुद्रणयंत्र आले की समाज जुळतो, असा कार्यकारणभाव मानता येत नाही, याची साक्ष गोव्याच्या इतिहासात मिळते. भारतातील पहिले मुद्रणयंत्र १५५६ मध्ये गोव्यात आले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये तेथेच छापले गेले. ओवीबद्ध मराठीतील हा ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. भाषा लोकांची होती, छंद लोकांचा होता, यंत्रही हाताशी होते. तरी त्यातून परस्परांशी बोलणारा वाचकवर्ग उभा राहिला नाही. छपाई धर्मसत्तेच्या हाती होती आणि वाचकाने करावयाचे कार्य श्रवणाचे व स्वीकाराचे होते. त्याने उलट काही छापावे, अशी सोय त्या व्यवस्थेत नव्हती. मुद्रणाच्या एकीकरणशक्तीला यंत्राखेरीज आणखी कशाची तरी गरज असते, हे यातून स्पष्ट होते.

एकोणिसाव्या शतकातील मराठी मुद्रणाचा आरंभही भाषेबाहेरच्या सत्तांच्या आधाराने झाला. श्रीरामपूरच्या मिशनमधून विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघाले आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश निघाला. या आरंभीच्या छपाईत लिपीचा प्रश्न निकालात निघालेला नव्हता. कोशासाठी मोडी खिळे वापरले गेले होते. मोडी ही कुलकर्ण्याची, सराफाची, व्यापाऱ्याची, पत्रव्यवहाराची आणि दफ्तराची लिपी. बाळबोध ही पोथीची आणि शास्त्राची. मुंबई-पुण्यातील छपाई बाळबोधीवर स्थिरावली. या निवडीमागे तांत्रिक सोयीची कारणे होती, तथापि तिचा सांस्कृतिक परिणाम दूरगामी ठरला. छापील मराठीला व्यवहाराच्या कागदाचे नव्हे, तर पोथीचे रूप मिळाले आणि पोथीची अधिकारवाणीही तिच्याबरोबर आली.

१८३१ मध्ये गणपत कृष्णाजी यांनी मराठी पंचांग छापले. त्याच वर्षी मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण आले. या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तर मुद्रणाने एकाच दशकात काय सिद्ध केले, ते लक्षात येते. पंचांगाने गावोगावच्या तिथी-वारांना एक समान छापील काळ दिला, कोशाने शब्दांचे भांडार निश्चित केले, व्याकरणाने शुद्धाशुद्धाचा निर्णय दिला. पुढे मुंबई इलाखा, मध्य प्रांत व वऱ्हाड, आणि निजामाचे हैदराबाद संस्थान अशा वेगवेगळ्या राजवटींखाली विभागलेल्या मराठी भाषकांना एका प्रदेशाचे रहिवासी म्हणून स्वतःकडे पाहता आले, त्याचा पाया येथे घातला गेला. मात्र याच पायात एक भिंतही बांधली गेली. शुद्ध मराठी कोणती हे ठरले, त्या क्षणी अशुद्ध मराठी बोलणारे कोण हेही ठरले.

३

बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेल्या ‘दर्पण’ची मांडणीच अर्थपूर्ण आहे. एका पानावर दोन स्तंभ, एक इंग्रजी आणि एक मराठी. एकच मजकूर राज्यकर्त्याने आणि एतद्देशीयाने शेजारी शेजारी वाचावा, अशी ही योजना होती. ‘दर्पण’चे ‘आम्ही’ या दोन स्तंभांमधल्या जागेत उभे आहे. ते दुभाष्याचे ‘आम्ही’ आहे. वाचक आणि राज्यकर्ता यांच्यात विचारांची ने-आण करणाऱ्या नवशिक्षिताची भूमिका त्यातून व्यक्त होते. ही भूमिका उदार होती, ज्ञानप्रसाराच्या प्रामाणिक तळमळीतून आलेली होती. परंतु ज्याला दोन्ही स्तंभ वाचता येत नव्हते, तो तिच्या कक्षेत ज्याला उपदेश करावयाचा असा श्रोता म्हणूनच येत होता.

भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये १८४८ ते १८५० या काळात गोपाळ हरी देशमुख यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने लिहिलेली पत्रे हे पुढचे पाऊल होय. त्यांनी पत्राचा प्रकार निवडला, ही बाब महत्त्वाची आहे. निबंध सर्वांना उद्देशून असतो, पत्राला उत्तराची अपेक्षा असते. ब्राह्मण लेखकाने ब्राह्मणांच्या आळसावर, विद्याविन्मुखतेवर आणि रूढिग्रस्ततेवर जाहीर टीका करावी आणि ती टीका त्याच वर्गातील वाचकांनी आठवड्यामागून आठवडा वाचावी, ही गोष्ट मुद्रणापूर्वी संभवनीय नव्हती. येथे ‘आम्ही’चे ‘आपण’ होऊ लागते. मात्र ते एका वर्गाच्या अंतर्गत होते. ज्या शूद्रातिशूद्रांच्या दुःस्थितीचा उल्लेख या लेखनात येतो, ते तेथे तृतीयपुरुषी आहेत. त्यांच्याविषयी बोलले जाते, त्यांच्याशी नव्हे.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने (१८७४ ते १८८१) मराठी गद्याला जे तेज आणि जी आत्मप्रतिष्ठा दिली, तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परकीय सत्तेपुढे आणि मिशनऱ्यांच्या टीकेपुढे ताठ उभे राहणारे ‘आम्ही’ त्यांनी घडविले. या ‘आम्ही’ला भाषेचा अभिमान होता, इतिहासाचा आधार होता. पण जोतीराव फुले यांच्या ग्रंथांचे परीक्षण करण्याची वेळ आली, तेव्हा त्यांच्या विचारांच्या आशयाइतकाच त्यांच्या भाषेचा आणि व्याकरणाचा उपहास ‘माले’ने केला. दादोबांनी विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी बांधलेले व्याकरण येथे प्रवेशद्वारावरचा पहारेकरी झाले. ज्याची मराठी अशुद्ध, त्याचा युक्तिवादही विचारात घेण्याजोगा नाही, हा न्याय समान छापील भाषेच्या पोटातूनच निघाला. समुदायाला जोडणारी भाषा म्हणून अँडरसन जिचा गौरव करतात, ती एकाच वेळी जोडते आणि चाळते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

‘केसरी’च्या काळात हे ‘आम्ही’ अधिक व्यापक झाले, यात शंका नाही. एकविसाव्या शतकातील वाचकाला त्या व्याप्तीची कल्पना करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. १९०१ च्या जनगणनेत देशातील साक्षरांचे प्रमाण शेकडा पाचाच्या थोडेसेच वर होते. तरीही वृत्तपत्राचा प्रभाव साक्षरांपुरता मर्यादित राहिला नाही, कारण एकाने वाचावे आणि अनेकांनी ऐकावे, ही पोथीवाचनाची रीत वृत्तपत्रालाही लागू झाली. चावडीवर, दुकानात, देवळाच्या ओवरीत अंक वाचला जाई. १८९५ मध्ये रायगडावरील शिवसमाधीच्या जीर्णोद्धारासाठी ‘केसरी’ने निधीचे आवाहन केले, तेव्हा लहान-मोठ्या वर्गणीदारांचा जो प्रतिसाद मिळाला, तो या विस्तारलेल्या श्रोतृवर्गाचा होता. परस्परांना न ओळखणारी माणसे एका कार्याच्या नावाने एकत्र आली. अँडरसन यांच्या कल्पित समुदायाचे हे जिवंत रूप होय.

पण त्या समुदायाचे प्रतीक कोणाचे, हा प्रश्न त्याआधी सव्वीस वर्षे विचारला गेला होता. १८६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पवाड्यात फुले यांनी शिवाजी महाराजांना ‘कुळवाडीभूषण’ म्हणून उभे केले होते. एकाच भाषेत, एकाच छापखान्यांच्या युगात, एकाच राजाच्या नावाने दोन वेगळी ‘आम्ही’ आकाराला येत होती. त्यांपैकी एकाने दुसऱ्याची दखल घेण्याचे बहुधा टाळले.

४

मुद्रणाने समाज जोडला म्हणजे नेमके काय केले, हे पाहावयाचे असेल तर १८८२ च्या एका छोट्या पुस्तकाकडे वळावे लागते. सुरतेतील विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला चालला आणि तिला फाशीची शिक्षा झाली. ती पुढे सौम्य करण्यात आली. या निमित्ताने ‘पुणेवैभव’ या पत्रात समस्त स्त्रीजातीवर दोषारोप करणारे लेखन आले. ते वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या वाचनात आले आणि त्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक लिहून पुण्यात छापून घेतले. खटला गुजरातेत, वृत्तपत्र पुण्यात, वाचक वऱ्हाडात. तीन प्रदेश, दोन भाषा, आणि विजयालक्ष्मीहून भिन्न जातीची एक मराठा स्त्री. जिला कधी पाहिले नाही अशा स्त्रीच्या वतीने ताराबाई बोलल्या आणि बोलताना त्यांनी ‘आम्ही बायका’ असा एक नवा समुदाय उभा केला. मुद्रणावाचून ही घटना घडली नसती. जातीच्या आणि प्रदेशाच्या सीमा ओलांडणारे, केवळ वाचनातून जन्मलेले असे एकत्व त्या शतकाच्या मराठीत दुसरे क्वचितच सापडेल.

त्यानंतर काय झाले, हेही तितकेच बोलके आहे. जाणत्या वर्गाने या पुस्तकाला गंभीर उत्तर दिले नाही. १८८५ मध्ये फुले यांनी ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली, यावरून त्यांच्यावर टीका होत होती हे दिसते, पण त्यांच्या युक्तिवादाला युक्तिवादाने सामोरे जाणारे लेखन झाले नाही. ताराबाईंचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही. पहिलेही जवळजवळ विस्मृतीत गेले आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुनर्मुद्रित केल्यावर ते पुन्हा वाचकांसमोर आले. मधल्या काळात मराठी वाचकाने विधवेचे दुःख वाचले नाही असे नाही. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली आणि यमूच्या आत्मकथनाने घराघरांतील वाचक हेलावले. आपट्यांच्या सहानुभूतीविषयी संशय घेण्याचे कारण नाही. पण पुरुष लेखकाने निर्माण केलेल्या स्त्रीच्या ‘मी’ला त्या वाचकवर्गाने जवळ केले आणि स्त्रीने स्वतः छापलेल्या ‘आम्ही’ला अनुत्तरित ठेवले, ही विसंगती त्या वाचकवर्गाच्या घडणीविषयी पुष्कळ सांगून जाते. कणव वाटणे आणि उत्तर देणे या दोन भिन्न कृती आहेत. पहिलीत समोरची व्यक्ती विषय असते, दुसरीत ती समकक्ष असते.

१८८५ च्या मे महिन्यात पुण्यात मराठी ग्रंथकारांची दुसरी सभा भरली. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने भरलेल्या या सभेचे निमंत्रण फुले यांना होते. त्यांनी ते पत्राने नाकारले आणि हे पत्र ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या ग्रंथांतून आणि सभांतून सर्व माणसांच्या मानवी हक्कांचा मनापासून स्वीकार होत नाही, त्यांच्याशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. या नकाराकडे पुष्कळदा फुटीरपणा म्हणून पाहिले गेले. वास्तविक पाहता एकत्वाची अट कोणती असावी, याचे ते मराठीतील आरंभीचे आणि अत्यंत स्पष्ट विवेचन आहे. ग्रंथकारांनी एकत्र यावे, हा रानडे यांचा हेतू सद्भावनेचा होता. त्यात समाईक छापील भाषा हा एकत्वाचा पुरेसा आधार मानला गेला होता. फुले यांनी तो आधार अपुरा ठरवला. विशेष हे की नकार देताना त्यांनी मुद्रणाचा त्याग केला नाही. नकारही छापूनच दिला. ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ यांतील भेद जाहीर करणे ही ‘आपण’पर्यंत जाण्याची पहिली पायरी होती.

बहुजन समाजाची स्वतंत्र पत्रेही या प्रश्नातून सुटली नाहीत. कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी ‘दीनबंधु’ सुरू केले आणि १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून चालविले. फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधील आरंभीचा भाग या पत्रात आला, पुढचा भाग छापणे थांबले. मित्रपक्षाच्या पत्राचे ‘आम्ही’ही सर्व प्रकारचा आवाज पेलू शकत नव्हते. समूह लहान झाला म्हणून त्याचे सर्वनाम आपोआप समावेशक होते असे नाही.

याउलट आगरकर आणि टिळक यांचा वाद पाहावा. एकाच छापखान्याच्या परिवारातून निघालेले दोन संपादक १८८८ नंतर ‘सुधारक’ आणि ‘केसरी’ या दोन पत्रांतून एकमेकांवर तुटून पडले. संमतिवयाच्या प्रश्नावर तर या वादाने कटुतेची सीमा गाठली. तरीही दोन्ही पत्रांचे वाचक बरेचसे समान होते आणि प्रत्येक आरोपाला उत्तर मिळत होते. हा कलह जोडणारा होता. मतभेदाने समाज फुटतो ही समजूत येथे खोटी ठरते. ज्याच्याशी वाद घालावासा वाटतो, त्याला वाद घालणाऱ्याने आधीच आपल्यात धरलेले असते. फुले आणि ताराबाई यांच्या वाट्याला हा कलह आला नाही. त्यांच्या वाट्याला उपहास आला किंवा मौन आले.

५

हे मौन ज्या पत्राने आपल्या नावातच नोंदविले, ते ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत निघाले. त्यापूर्वी अस्पृश्य समाजातून लेखन झाले नव्हते असे नाही. गोपाळबाबा वलंगकर यांनी ‘दीनबंधु’ आणि ‘सुधारक’ यांतून लिहिले होते. शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ चालविले होते. नागपूरकडे किसन फागूजी बनसोडे यांनी पत्रे काढली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या परंपरेला एक सैद्धांतिक दिशा दिली. ‘मूकनायक’साठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. १९०१ मध्ये वेदोक्त प्रकरणात ‘केसरी’ने ज्यांच्या मागणीविरुद्ध लेखणी चालविली होती, त्याच राजाने दोन दशकांनी अस्पृश्यांच्या पत्राला आधार द्यावा, या योगायोगात मराठी मुद्रणाच्या इतिहासाचा एक पूर्ण आलेख सामावलेला आहे.

‘मूकनायक’च्या पहिल्या अंकातील अग्रलेखात दोन दृष्टान्त आहेत आणि दोन्ही प्रस्तुत विषयाशी थेट संबंधित आहेत. पहिला सर्वपरिचित आहे. हिंदू समाज हा अनेक मजल्यांचा मनोरा असून एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्यास जिना नाही. दुसरा दृष्टान्त तुलनेने कमी चर्चिला गेला आहे, आणि तो वृत्तपत्रांविषयीच आहे. मुंबई इलाख्यातील बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहतात, असे निरीक्षण नोंदवून आंबेडकर समाजाला नौकेची उपमा देतात. नौकेतील एका प्रवाशाने दुसऱ्याच्या भागाला भोक पाडले, तर बुडण्याची पाळी त्याच्यावरही येते. या दोन प्रतिमांमधील नाते ध्यानात घेतले पाहिजे. मनोरा हे समाजाचे वास्तव आहे, नौका ही त्याची नियती आहे. माणसे वेगवेगळ्या मजल्यांवर कोंडलेली असली तरी बुडतील ती एकत्र. ज्यांना शतकानुशतके तृतीयपुरुषी ठेवले गेले, त्यांचे पत्र आपल्या पहिल्याच अग्रलेखात नौकेतल्या सर्व प्रवाशांच्या हिताचा विचार मांडते. वृत्तपत्राचे ‘आम्ही’ तेथे ‘आपण’च्या दिशेने वळते.

या हाकेला प्रतिसाद कसा मिळाला, त्याची नोंद चरित्रकार धनंजय कीर यांनी केली आहे. पैसे देऊन छापावयाची ‘मूकनायक’ची जाहिरातसुद्धा ‘केसरी’ने स्वीकारली नाही. जाहिरात हा वृत्तपत्रातील सर्वांत कमी वैचारिक भाग होय. तेथे मतैक्याची अपेक्षा नसते. जागेचे मोल दिले की काम झाले. अँडरसन यांच्या सिद्धांतात छापील भाषेचा बाजार हीच समुदायाची जननी आहे. मराठीत मात्र जातिव्यवस्थेने बाजाराच्या नियमालाही मागे सारले. मुद्रण आणि भांडवलव्यवहार यांच्या युतीत जात हा तिसरा घटक असतो, आणि तो धरल्यावाचून येथील वाचकसमुदायाचे विवेचन पुरे होत नाही.

३ एप्रिल १९२७ रोजी, महाडच्या सत्याग्रहानंतर पंधरवड्यातच, ‘बहिष्कृत भारत’ निघाले. या दोन्ही पत्रांच्या शिरोभागी संतवचने होती. ‘मूकनायक’वर तुकोबांचे, ‘बहिष्कृत भारत’वर ज्ञानेश्वरांचे. ही निवड केवळ अलंकाराची नव्हती. जे वाङ्मय सर्व मराठी भाषकांची समाईक मिरास म्हणून सांगितले जात होते, त्याचे आम्हीही वारस आहोत, असा हक्क येथे शिरोभागीच नोंदविलेला होता. ‘बहिष्कृत भारत’च्या स्तंभांतून सनातनी आणि राष्ट्रीय पत्रांच्या आक्षेपांना मुद्देसूद उत्तरे दिली जात. ज्यांना उत्तर मिळाले नाही, त्यांनी उत्तर देण्याची शिस्त मात्र सोडली नाही. पुढे ‘जनता’ (१९३०) आणि ‘प्रबुद्ध भारत’ (१९५६) ही नावे पाहिली तर मूक ते बहिष्कृत, बहिष्कृत ते जनता, आणि जनता ते प्रबुद्ध असा सर्वनामाचाच प्रवास दिसतो. अभावदर्शक विशेषणाकडून तो सर्वसमावेशक नामाकडे जातो.

६

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ हे मुद्रणाच्या एकीकरणशक्तीचे सर्वांत यशस्वी उदाहरण मानले जाते आणि ते योग्यच आहे. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर हे नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक होते. मध्य प्रांतातील वृत्तपत्राचा संपादक, मुंबई इलाख्यातील एका सीमेवरच्या गावी, साहित्याच्या व्यासपीठावरून भाषिक राज्याची मागणी करतो, यात मराठी मुद्रणाने शंभर वर्षांत उभारलेला समुदाय दिसतो. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी आचार्य अत्रे यांनी ‘मराठा’ दैनिक सुरू केले आणि त्याने चळवळीला रोजचा आवाज दिला. या आवाजाच्या जोडीला अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर यांची शाहिरी होती, हेही विसरता येत नाही. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांप्रमाणेच येथेही छापील शब्द लोकांपर्यंत पोहोचला तो गाणाऱ्या गळ्यातून.

परंतु याच काळात, १९५५ मध्ये, आंबेडकर यांनी भाषिक राज्यांविषयीच्या आपल्या पुस्तिकेत एक सावधगिरीची सूचना दिली होती. भाषेच्या आधारावर राज्य झाले तरी त्यात बहुसंख्य जातीचे वर्चस्व आणि अल्पसंख्य समाजांची असुरक्षितता हे प्रश्न उरतात, असा तिचा आशय होता. १ मे १९६० रोजी राज्य झाले. ज्या बेळगावात ठराव झाला, ते बाहेर राहिले. आणि राज्यस्थापनेनंतर अठरा वर्षांनी, १९७८ मध्ये, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने संमत करताच मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडले. मधल्या सोळा वर्षांत हल्ला करणारे आणि हल्ला सोसणारे एकच भाषा बोलत होते आणि ती भाषा छापणारी वृत्तपत्रेही दुभंगलेली होती. भाषिक एकत्व सिद्ध झाले, सामाजिक एकत्व शिल्लक राहिले.

या पार्श्वभूमीवर साठोत्तरी काळातील नियतकालिकांचे कार्य पाहावे लागते. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेतून चालविलेल्या ‘अस्मितादर्श’ने दलित लेखकांची एक पिढी उभी केली. तिच्या नावातील ‘अस्मिता’ हा शब्द वेगळेपणाची खूण सांगतो. पण त्या लेखकांचे वाचक केवळ दलित राहिले नाहीत, आणि मराठी समीक्षेला आपले निकष पुन्हा तपासावे लागले. दुसरे उदाहरण ‘साधना’चे आहे. १५ ऑगस्ट १९७२ च्या विशेषांकात राजा ढाले यांचा स्वातंत्र्यदिनावरील लेख छापला गेला आणि त्यावर मोठे वादळ उठले. ढाले यांच्या भाषेविषयी मतभेद झाले, आजही होऊ शकतील. येथे महत्त्वाचे हे की साने गुरुजींच्या परंपरेतील, प्रामुख्याने मध्यमवर्गीय वाचकांच्या साप्ताहिकाने आपल्याच वाचकांना दुखावणारा आवाज आपल्या पानांत येऊ दिला आणि त्याचे परिणाम सोसले. १९२० मध्ये जाहिरातही नाकारली गेली होती, १९७२ मध्ये लेख छापला गेला. ही वाटचाल संथ म्हणावी लागेल, पण ती झाली, आणि ती मुद्रणाच्याच क्षेत्रात झाली.

७

या सर्व विवेचनातून एक निकष हाती येतो. मुद्रित माध्यमाने समाज किती जोडला, हे त्याच्या खपावरून, त्याच्या प्रमाणभाषेच्या प्रसारावरून किंवा त्याने साधलेल्या मतैक्यावरून ठरवता येत नाही. खप हा श्रोत्यांची संख्या सांगतो, प्रमाणभाषा ही सोय करून देते, आणि मतैक्य पुष्कळदा मौनाचेच दुसरे नाव असते. ज्याला आजवर केवळ उपदेश केला गेला किंवा ज्याच्याविषयी केवळ कणव दाखविली गेली, त्याला त्या पानांवर प्रत्युत्तराची जागा मिळाली का, आणि त्याच्या प्रत्युत्तराला उत्तर देणे आवश्यक वाटले का, हा खरा निकष होय. अँडरसन यांच्या सिद्धांतात वाचक एकमेकांची कल्पना करतात. मराठी मुद्रणाचा इतिहास असे सांगतो की कल्पनेने समुदायाची सुरुवात होते; त्याची सिद्धता संवादाने होते, मग तो संवाद कितीही कडवट असो.

मराठीतील ‘आपण’ या सर्वनामाचे आणखी एक वैशिष्ट्य येथे आठवावे लागते. ते ऐकणाऱ्याला सामावून घेणारे प्रथमपुरुषी सर्वनाम आहे, तसेच समोरच्याला आदराने संबोधण्याचेही आहे. एकाच शब्दात समावेश आणि आदर या दोन्ही क्रिया भाषेने ठेवल्या आहेत. आदरावाचून केलेल्या समावेशाला पोटात घेणे म्हणतात, आणि मराठी समाजाच्या एकीकरणाच्या अनेक प्रयत्नांत तेच घडले. ‘दर्पण’पासून सुरू झालेल्या या परंपरेचे श्रेय मोठे आहे, तिच्यावाचून ताराबाईंना सुरतेची वार्ता कळली नसती आणि फुले यांचा नकार कोणी वाचला नसता. पण त्या परंपरेने मनोऱ्याच्या प्रत्येक मजल्यावर दिवा लावला, जिने मात्र फार थोडे बांधले. जे बांधले गेले, ते बहुतेक खालच्या मजल्यावरून वर पाहणाऱ्यांनी बांधले. त्यांच्या हाती खिळे कमी होते, कागद उधारीचा होता आणि उत्तराची खात्री नव्हती. मराठी मुद्रणाचा इतिहास त्यांच्या बाजूने वाचला, तर समाज जोडण्याच्या कार्यातला किती भाग अजून व्हावयाचा आहे, याचा अंदाज येतो.